साहेबांचं नाक, तांडेलाचं नाक

पोशा तांडेलाची होडी दोन हंगाम रेवदंड्याच्या वाळूवर पडून होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. पण जाळं ओढायला वाकला की याच्या डाव्या गालात ठणका, नाकातून पू, वास तर कसलाच येत नसे. बायको हिरू दुसऱ्यांच्या मासळीच्या पाट्या वाहून घर चालवत होती. आता होडीला गिऱ्हाईक आलं होतं.

ही पेनिसिलीन यायच्या आधीची गोष्ट. मी सरकारी दवाखान्यात नवा होतो. गालाच्या हाडात पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. एका बारीक वाटेनं ती नाकात रिकामी होते. मी खोलीत अंधार केला, पोशाच्या तोंडात बॅटरीचा छोटा दिवा धरला. उजवा गाल लाल उजळला. डावा काळाच; आत पू साचलेला.

"येक खिरकी बंद हाय," हिरू म्हणाली.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी तो सायनस सुई घालून अनेकदा धुतला होता. पू पुन्हा भरायचा. मी म्हणालो, "सर, सेप्टम वाकडा आहे." सेप्टम म्हणजे नाकातला मधला पडदा. "तो सरळ करू."

"वाकडा कुणाचा नसतो? माझाही आहे. मला साधी सर्दी होत नाही."

"मग बघू द्या."

साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि खुर्चीत बसले. "बघा."

त्यांचा पडदा खरंच वाकडा होता, पण खाली. सायनसची वाट मोकळी. पोशाचा वर वाकलेला, नेमका त्या वाटेवर चेपून बसलेला.

माझा बाप खारेपाटातला, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला शेतकरी. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणालो, "सर, आमच्याकडे बांधाला उघाडी असते, शेतातलं पाणी बाहेर सोडायचं दार. बांध इतरत्र कितीही वाकडा चालतो. उघाडी बुजली की शेत कुजतं. आपण नुसतं शेत धुतोय."

साहेब हसले नाहीत. "चुकलात तर तांडेलाला तोंड तुम्ही द्यायचं."

"देईन."

हिरू म्हणाली, "गिऱ्हाइकाला सांगलंय, नारली पुनवेपरत थांब."

कोकेननं नाक बधिर केलं. पोशा जागाच होता. "डाक्तर, नाक राखशील ना? ही मना घरात घेवाची न्हाय."

पडद्यावरचं नाजूक अस्तर राखून आतलं वाकडं हाड काढलं. काही आठवड्यांनी पुन्हा दिवा लावला, या वेळी साहेबांनी स्वतः धरला. डावा गाल उजळला.

"घरात सुकटीचा वास येतं," पोशा म्हणाला.

"रोजच येतं," हिरू म्हणाली. "तुलाच आज कललं."

पडदा किती वाकडा, यापेक्षा कुठे वाकडा, हे आधी बघावं. पुढच्या ऑपरेशनला साहेब हात धुऊन माझ्या शेजारी मदतीला उभे राहिले.

गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं. नारळी पौर्णिमेनंतर पोशानं आपली होडी स्वतः समुद्रात नेली.