यंत्राची साक्ष

बहीण सातवीत सात गुणांनी नापास झाली, तेव्हा गुण पुन्हा मोजून घ्यायला मी तिला घेऊन पारनेरला तिच्या गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजींचं टेबल दिसतच नव्हतं. नगरच्या भंगारवाल्याकडून टेलिफोनचे जुने भाग आणून त्यांनी टेबलभर बेरजेचं यंत्र उभं केलं होतं. हजेरी असो की निकाल, कागदावरचं सगळं काम ते त्याच्यावरच करत.

मी विषयांच्या गुणांची तोंडी बेरीज केली. "दोनशे तेरा होतात. निकालावर दोनशे तीन लिहिलेत."

"थांबा, यंत्राला विचारू."

ते बटणं दाबत, खटखट होई, बारीक दिवे लागत. मध्येच वीज गेली. ती आल्यावर त्यांनी शांतपणे पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी उत्तर म्हणून लागलेल्या दिव्यांची ओळ आकड्यात उतरवायला पेन्सिल-कागद घेतला. त्यातच दहा मिनिटं गेली.

"दोनशे तेरा," ते म्हणाले.

"मी मघाशी तेच म्हणालो."

"म्हनला हुतात. पन तुमची ती भैन हाय. याचं कोनी न्हाई."

"मग निकाल कसा चुकला?"

"तवा यंत्र बिघडलं हुतं. मी हातानं बेरीज केली."

त्यांनी निकाल दुरुस्त करून सही केली. मग उठले आणि बारा वर्षांच्या माझ्या बहिणीपुढे हात जोडून म्हणाले, "पोरी, माझं चुकलं."

असं बोलणारे गुरुजी तिनं कधी पाहिले नव्हते. ती घाबरून माझ्यामागे लपली.