बंद दाराआडचा मसाला

"रस्सा कडू लागून राह्यला हो!" गिऱ्हाइकानं वाटी माझ्यासमोर आदळली. पातोडीचा रस्सा, म्हणजे काळ्या मसाल्यात सोडलेल्या बेसनाच्या वड्या. सुलतानपूरजवळच्या आमच्या हॉटेलात लोक त्यासाठीच गाडी थांबवतात. मी मॅनेजर, त्यामुळे शिव्या आधी मलाच.

मालक म्हणाले, "आचारी बदलून टाका. मी अकोल्याहून दुसरा पाह्यतो."

"थोडं थांबा," मी म्हणालो.

काळ्या मसाल्याचा जीव भाजण्यात असतो. खोबरं, दगडफूल, मिरे काळपट होईपर्यंत परतायचे. जरा जास्त झालं की कडू. हे काम घड्याळावर नाही, वासावर चालतं. आमचे आचारी प्रल्हादभाऊ ते दार लावून करायचे. कुणी शिकू नये म्हणून. बहुतेक आचारी तसंच करतात.

दुसऱ्या सकाळी दाराच्या फटीतून करपट धूर आला. भाकरी टाकणाऱ्या सुशीलाबाई ओरडल्या, "भाऊ, जळून राह्यलं ना! वास नाही येत काय तुमाले?"

मी दार ढकललं. प्रल्हादभाऊ तव्याशी नुसते उभे होते.

"नाही येत," ते म्हणाले. "ताप येऊन गेला तवापासून वासच मेला. सांगू कोणाले? बिना नाकाचा आचारी कोण ठेवते?"

मला राग आला आणि वाईटही वाटलं. माणूस इतके दिवस अंदाजानं भाजत होता!

सुशीलाबाईंनी पिठाचे हात पुसले. "वास मी सांगीन. तुम्ही हात चालवा."

"आज वास सांगशीन, उद्या माही जागा घेशीन."

"अवो माय! मले भाकरीनंच बांधून ठेवलं. कळण्याची भाकर येथं दुसऱ्या कोणाले जमत नाही, म्हणून नातीचं बारसं हुकलं माह्यं. तुम्ही शिका, म्हंजे मी तरी सुटीन!"

प्रल्हादभाऊंना हसू आलं. दार उघडंच राहिलं. "काढा आता!" त्या ओरडायच्या, हे तवा उतरवायचे. मग हे कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मळायचे आणि बोलणी खायचे. "पाणी कमी, भाऊ! भाकर करता का कढी?"

रस्सा ताळ्यावर आला. मग मी मालकांना खरं ते सांगून टाकलं.

"म्हंजे एका मसाल्याले दोघं लागतात काय?"

"नाही. एक मसाला आता दोघांले येते."

अकोल्याचा आचारी आलाच नाही.

प्रल्हादभाऊंना अजूनही धड वास येत नाही, पण आचारी तेच आहेत. मध्यंतरी सुशीलाबाई जादा मसाला आधीच भाजून घेऊन नातीच्या जावळाला निवांत राहून आल्या. तेवढे दिवस भाकरी जाडजूड निघाल्या. लोकांनी रश्शात कुस्करून खाल्ल्या.

आपल्यावाचून अडलं की नोकरी पक्की, असं हॉटेलात सगळेच मानतात. पक्की असतेही. फक्त सुट्टी मिळत नाही.