अंबाडीचा गालिचा

हिंगोलीतल्या माझ्या घराची फरशी फार देखणी आहे. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की ती तळ्यासारखी चकाकायची आणि पंखा तिच्यात उलटा फिरताना दिसायचा. सुटीच्या दिवशी मी त्या उलट्या पंख्याकडे बघत तासन्‌तास लोळायचे. एकटी राहायचे, त्यामुळे हटकणारं कुणी नसायचं. पण कुरुंद्याहून माय माझ्याकडे राहायला आली आणि त्याच फरशीची मला धास्ती वाटू लागली. सारवलेल्या भुईवर जन्म गेलेले तिचे पाय, ते या गुळगुळीत लादीवर कुठं रोवावेत हेच तिला कळेना. एकदोनदा पडता पडता वाचली.

"अजून एक बार पाय सटकला की मी आपली चालली गावाला," तिनं निक्षून सांगितलं.

गावात आता तिच्याजवळ कुणी नाही. तिनं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून गालिचा घ्यायचं ठरलं. खरं तर मला तो आधीपासूनच हवा होता, मायचं निमित्त झालं. मोबाइलवर मी चित्रं बघत बसे. पांढरी भिंत, मातकट रंगाचा हातविणीचा गालिचा, त्यावर एक कुंडी आणि कुंडीपाशी झोपलेलं मांजर. मांजर सोडलं तर सगळं जमण्यासारखं होतं. दुकानात जाऊन चप्पल काढायची आणि प्रत्येक नमुन्यावर डोळे मिटून उभं राहायचं, असा माझा उद्योग सुरू झाला. दुकानदार वैतागले, पण पायाला विचारल्याशिवाय मी पुढं जाईना. सुती सतरंजी मऊ होती, पण हलकी. आमच्या फरशीवर मायच्या आधी तीच घसरली असती. घायपाताचा गालिचा टोचायचा. तागाचा बरा वाटला, पण त्याची तुसं गळत होती, आणि माय दिवसभर झाडू घेऊन त्याच्या मागं लागली असती.

मग एका बाजारच्या दिवशी जवळा बाजार या गावी दोरखंडांच्या ढिगापाशी माझे पाय आपोआप थांबले. अंबाडीचा वास होता तो. त्या वासासरशी मी लहान झाले. ओढ्यात दगडांखाली भिजत घातलेल्या अंबाडीच्या पेंढ्या, कुजकट गोडसर पाणी, गुडघाभर पाण्यात उभी राहून काड्यांवरचे धागे, वाख, सोलणारी माय, आणि बाभळीवर वाळत टाकलेले ते लांबच लांब फिकट सोनेरी केस. वाऱ्यानं ते हलायचे तेव्हा झाडाला म्हातारपण आल्यासारखं वाटायचं. भर बाजारात मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

दोर विकणारे चाचा बाजाही विणून देत. मी त्यांना गालिचा मागितला.

"दोराचा?" ते हसले. "बाई, ह्यानं आमी बैल बांधतो. तुमी पायाखाली घेणार?"

"घेणार. वेण्या घाला, आणि एकीला एक लावून सुतळीनं शिवा. रंग नको."

त्यांनी तसा करून दिला. जड, जागचा न हलणारा, मधाच्या रंगाचा. मी तो हॉलच्या मधोमध अंथरला, टीपॉयचे पुढचे पाय त्याच्यावर घेतले, कोपऱ्यात कुंडी ठेवली. संध्याकाळचं ऊन वेण्यांमध्ये अडकून बसलं आणि खोली एकदम झोपाळू दिसू लागली. मी खूश.

माय मात्र त्याच्यावर पाय देईना. स्वयंपाकघरातून आली की गालिच्याच्या कडेनं, भिंतीला तळहात लावत, उघड्या फरशीच्या पट्टीवरून जायची.

"अगं माय, तुझ्यासाठीच आणलाय ना!"

"बसायच्या वस्तूवर पाय देऊ न्हाई," एवढंच उत्तर.

मी गालिचा आडवा टाकला, तिरपा टाकला, तिच्या खोलीच्या दाराशी नेला. ती पुन्हा कडेनंच. तिला जपायला म्हणून गालिचा आणला आणि तिची वाट उलट अरुंद झाली. मी जाम चिडले. शेवटी म्हटलं, आता हिला कडच ठेवायची नाही.

चाचांना घरी बोलावलं. "पुरी खोलीच बांधून घेता की काय?" म्हणाले, पण सुई-सुतळी घेऊन आले. मग काही दुपारी फार छान गेल्या. चाचा वेण्या जोडत, माय चहा करी, आणि दोघं अंबाडीच्या भाजीवर अन् ओढ्यांच्या पाण्यावर बोलत बसत. ते बोलणं ऐकत मला तिथंच पेंग येई. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पोचला तेव्हा चाचा निरोप घेऊन गेले, आणि हात पुसत माय स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आता म्या कुठून जाऊ?" तिनं विचारलं.

"मधून जा," मी बाहेरच्या दारातून म्हटलं.

ती हलली नाही. दारातूनच हळू आवाजात बोलू लागली. "लहान व्हते मी. चावडीपुढं गावानं जाजम अंथरलं व्हतं. माझा पाय पडला त्याच्यावर. मऊ लागलं म्हणून मी तिथंच उभी ऱ्हायले. बापानं हाताला धरून वढलं आन् तोंडात मारली. त्यानं कदी बोट लावलं न्हवतं मला. लोकांनी मारायच्या आधी त्यानं मारलं."

त्या काळी आमच्या लोकांना गावाच्या जाजमावर जागा नव्हती, हे मला माहीत होतं. कडेला, मातीत बसायचं. पण ते मायच्या पायांत अजून आहे, हे माहीत नव्हतं. विहारातसुद्धा ती सतरंजीच्या अगदी कडेला बसते. मला वाटायचं, भिंतीला पाठ टेकायला बरं पडत असेल. पुढं होऊन तिला हात धरून आत आणावं असं वाटलं, पण एकदा हात धरूनच तिला ओढलं होतं. मी जागची हलले नाही.

तिनं एक पाय ठेवला. अंगठ्यानं वेणी चाचपली. मग दुसरा ठेवला. भिंतीला हात न लावता, पडवीतून चालावं तशी ती चालत आली, खोलीच्या मधोमध थांबली आणि सावकाश खाली बसली. पाय लांब केले. दोन्ही बाजूंना वेण्यांवरून तळहात फिरवले. मग मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी अजून उंबऱ्यावरच होते.

"तू काहून कडंला उभी?" ती म्हणाली. "ये, मदी बस."