फीत कापायची राहिलेली लाईन

मॉडेमवरचा हिरवा दिवा स्थिर झाला होता. लाईन जिवंत होती. आणि माझे वरिष्ठ इनामदार साहेब मला फोनवर सांगत होते, "चौगुले, चालू करून देऊ नका. उद्घाटन व्हायचंय."

मी म्हटलं, "साहेब, हा आयसोलेशन वॉर्ड आहे. इथं उद्घाटनाला येणार कोण?"

"ते तुम्ही बघू नका. कॉम्प्युटर ज्या संस्थेनं दिलाय, तिचे अध्यक्षच चालू करणार. गुरुवारी. फ्लेक्स छापायला टाकलाय."

तो दिवस सोमवार होता. काचेपलीकडे कॉटवर एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्यासाठीच ही सगळी धावपळ चालली होती, आणि तिला आता फ्लेक्स छापून होईपर्यंत थांबायचं होतं.

२००९ सालची ही गोष्ट. स्वाइन फ्लूची साथ कोल्हापुरात आली होती. तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नव्हतं, बसमध्ये कोणी शिंकलं की शेजारचा उठून दांडीला धरून उभा राहायचा. मी तेव्हा एका टेलिफोन कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर होतो. ब्रॉडबँड जोडणं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं हे माझं काम. साथीत सगळ्यांचे धंदे बसले, नेट कॅफे मात्र भरलेले. माणसं तासतासभर बसून रोगाबद्दल वाचायची आणि आल्यापेक्षा जास्त घाबरून घरी जायची.

वॉर्डातली ती बाई म्हणजे सुनीता. गडमुडशिंगीची. नवरा एमआयडीसीत लेथवर, घरी सासू आणि दहा महिन्यांचं अंगावर पिणारं पोरगं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि पोरगं सासूच्या कडेवर राहिलं. नवरा रोज फोन करायचा. पण काय सांगायचा? तर कॅफेत बसून नेटवर जे वाचलं ते. अमक्या देशात इतके गेले, औषध सगळ्यांना लागू पडत नाही म्हणे, गरोदर आणि बाळंतिणीला जास्त धोका म्हणे. हा माणूस बायकोवर जीव टाकणारा होता. काळजीपोटीच वाचून दाखवत होता. मागून पोराचं रडणं ऐकू यायचं. फोन ठेवला की सुनीता ताट सरकवून द्यायची आणि दाराकडे बघत बसायची. दोनदा तिला जिन्यावरून परत आणलं होतं.

मानसोपचाराच्या डॉक्टर कांबळे मॅडम माझ्याकडे स्वतः आल्या होत्या. टेबलासमोर बसल्याही नाहीत.

"ताप उतरतोय तिचा. पण पोरगं बरं नाही आणि घरचे आपल्यापासून लपवतायत असं तिनं डोक्यात घेतलंय. ती इथून पळाली तर रोग पोरालाही देईल आणि गावालाही. नेटवरचं वाचून नवरा तिला ऐकवतोय. त्यापेक्षा त्याच नेटवर तिला पोरगं दाखवा."

मला हे पटलं. काम अवघड नव्हतंच. रस्त्यावरच्या खांबावर आमची एक डबी असते, तिला डीपी म्हणतात. तिथून तांब्याच्या तारांची एक जोडी वॉर्डात ओढायची, टोकाला मॉडेम लावायचं. दुसरं टोक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे आमच्या केंद्रात, एका खाचेला जोडलेलं असतं. त्या खाचेला पोर्ट म्हणतात. पोर्ट उघडा तर नेट चालू. गडमुडशिंगीच्या कॅफेवाल्याशी मॅडमनीच बोलून ठेवलं. तो आधी "गिऱ्हाईक पळंल माझं" म्हणाला, पण शेवटी वेबकॅम असलेली कोपऱ्यातली केबिन त्यानं देऊ केली. सगळं जुळून आलं होतं. नडलं फक्त उद्घाटन.

मी साहेबांना पुन्हा फोन लावला. "ती बाई जेवत नाही साहेब."

"मग सलाईन लावतील की. दवाखान्यातच आहे ना ती?"

माझं डोकं सणकलं. साहेबांच्या मुलीला नेट हवं होतं तेव्हा याच माणसानं रविवारी माणसं बोलावून लाईन ओढून घेतली होती. तेव्हा कोणी नारळ फोडल्याचं मला आठवत नव्हतं. मी फोन ठेवला, वॉर्डातला कॉम्प्युटर चालू केला आणि सिस्टरला म्हणालो, "सुनीताला बोलवा, आणि घरच्यांना कॅफेत यायला फोन करा."

सिस्टरनं मला काचेबाहेर आणून उभं केलं. पडद्यावर आधी नुसता निळा चौकोन होता. मग सासूचा पदर दिसला, आणि पदराआडून पोरगं. सुनीतानं तोंडावर मास्क बांधलेला. पोरानं ते बघितलं आणि भोकाड पसरलं.

"वळकंना की मला ह्ये," ती म्हणाली.

काचेच्या खोलीत ती एकटीच होती. सिस्टरनं खूण केली तसा तिनं मास्क खाली ओढला. "आरं सोन्या, मी हाय की रं." पोरगं थांबलं. चित्र अडखळत होतं, आवाज मागून येत होता, पण त्यानं हात पुढे करून पडद्यावर चापट मारली.

सासूला ती आत्ती म्हणायची. "आत्ती, त्येचं प्वाट दाखवा. पाय दाखवा." आत्तीनं पोराला कॅमेऱ्यासमोर आडवं, उभं, उलटं, सगळं करून दाखवलं. सुनीता तपासत होती. पोरगं धडधाकट आहे याची खात्री पटल्यावर तिनं सिस्टरकडे वळून विचारलं, "जेवायला काय हाय?"

मला बरं वाटलं. नोकरीत असं वाटायचे प्रसंग फार येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे ती पुन्हा बसली. मी दुसऱ्या कामावर होतो. डॉक्टर मॅडमचा फोन आला.

"चौगुले, लाईन गेली. ती बोलत असताना पोराला ठसका लागला, तो खोकायला लागला आणि चित्र थांबलं. तोंड उघडं असलेलं पोरगं, हलतच नाहीये. ती किंचाळली. आम्ही नवऱ्याला फोन लावेपर्यंत ती गेली."

"कुठं गेली?"

"जिना उतरून गेली. सिस्टरला ढकलून."

मी एक्स्चेंजला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, पोर्ट बंद केलाय, इनामदार साहेबांचा आदेश. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की लाईन आधीच वापरात आहे. गुरुवारी अध्यक्षांच्या हातून 'चालू' व्हायची म्हणून त्यांनी ती मंगळवारी बंद केली होती.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दारावर टकटक वगैरे केली नाही.

"तुम्ही बंद करायला लावली?"

"आवाज खाली घ्या, चौगुले. मी सांगितलं होतं उद्घाटनाआधी..."

"ती बाई वॉर्डातून पळाली. अंगात रोग घेऊन गावात फिरतीय. पोरगं मेलं असं समजून फिरतीय. आता उद्घाटनाची बातमी छापा."

त्यांच्या टेबलावर फ्लेक्सचं प्रूफ पडलं होतं. अध्यक्षांचा फोटो, त्याखाली साहेबांचं नाव. मी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून एक्स्चेंजला लावला आणि त्यांच्यासमोर धरला. "उघडायला सांगा." त्यांनी सांगितलं.

तिथून मी आणि डॉक्टर मॅडम दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्समधून गडमुडशिंगीला निघालो. पोरगं ठणठणीत असल्याचं तोवर नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं. ते सांगायचं ज्या बाईला, ती आपला मोबाईल कॉटवर टाकून गेली होती. वाटेत मॅडम म्हणाल्या, "आता गेली असेल घरात. पोराला घेतलं असेल छातीशी." मलाही तेच वाटत होतं, आणि तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा गल्लीतली दारं लावलेली. सुनीता आपल्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी होती. तोंडाला पदर दोन वेढे देऊन घट्ट बांधलेला. नवरा दारात होता.

"आत ये की गं," तो म्हणत होता.

"मी न्हाई येत. मला पोरगं दाखवा. तितनंच दाखवा."

आत्तीनं पोराला उंबऱ्यावर आणलं. त्यानं आईला बघितलं, कडेवरून अंग टाकलं, दोन्ही हात पुढे केले. सुनीता एक पाऊल मागं सरली. तिचे हात मात्र पुढे आले होते, ते तिनं काखेत कोंबून धरले. मी माझ्या दोन मुलांचा बाप, मला ते बघवेना.

ती बराच वेळ उभी राहिली. मग मॅडमकडे वळली. "चला. बघून झालं. मी येतो." ॲम्ब्युलन्समध्ये चढताना माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "पावणं, त्ये बंद का झालतं?"

मी खरं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "फीत कापायची राहिलीती व्हय," एवढंच म्हणाली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी उद्घाटन झालंच. ज्या बाईनं रस्त्यापलीकडून पोरगं बघितलं, तिच्याच वॉर्डाच्या दारात झेंडूच्या माळा लागल्या. अध्यक्ष आत यायला तयार नव्हते, म्हणून फीत बाहेरच्या पॅसेजमध्ये बांधली. तोंडाला दोन मास्क लावून त्यांनी ती कापली आणि काचेतून आत बघू लागले. सुनीताचा ताप गेला होता, एक-दोन दिवसांत सोडणार होते. ती कॉम्प्युटरसमोर बसलेली, पडद्यावर आत्तीच्या मांडीवर पोरगं. फोटोग्राफर कॅमेरा घेऊन काचेला चिकटला.

इनामदार साहेबांनी काचेवर टकटक केली. "बाळ जरा उठवायला सांगा हो त्यांना. चेहरा दिसत नाहीये. अध्यक्ष बोलतील बाळाशी."

सुनीतानं मान वळवली. आवाज चढवला नाही.

"पोरगं झोपलंय. उठल्यावर या म्हणावं."

आणि तिनं पडद्याचं बटण दाबून तो बंद केला. काचेत मग अध्यक्षांना स्वतःचेच दोन मास्क दिसत राहिले. फोटो आला तो तसाच.

मला मेमो मिळाला, वरिष्ठांच्या आदेशाविना सेवा सुरू केल्याबद्दल. लाईन बंद करून बाईला रस्त्यावर काढल्याबद्दल कोणालाही काही मिळालं नाही. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी एक नियम पाळला. लाईन जोडली की आधी ज्याची त्याला चालू करून द्यायची, आणि मग वर कळवायचं.