नागझरीकडं वळलेली गाडी

शिवगंगाच्या भावाच्या लेकीचं लग्न माहेरी, बेंबळीला लागलं ते फाल्गुनात. ती सगळी निजामाच्या अमलातली, अखेरच्या वर्षांतली गोष्ट. उमरग्यात शिवगंगाच्या नवऱ्याचं, कल्याणप्पाचं, कापडाचं दुकान होतं. लग्नसराईत दुकान सोडून त्याला हलता येईना, म्हणून धाकटा भाऊ वीरप्पा बायकांना घेऊन गेला. बायका म्हणजे दोघीच. थोरली शिवगंगा आणि वीरप्पाची बायको पार्वतम्मा. पार्वतम्मा आळंदच्या बाजूची, दोन सालांमागं लग्न होऊन आलेली. तिचं मराठी अजून कानडीच्या वळणानं चाले आणि घरादाराला त्याचंच कौतुक.

त्या कौतुकावरच शिवगंगाचं दुखणं होतं. ती स्वतः त्या घरात आली तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. भाकरी जाड झाली म्हणून सासूनं तिला ताटावरून उठवलं होतं. आता पार्वतम्माची भाकरी करपली तर तीच सासू म्हणे, "पोर हाय, शिकंल." वीरप्पा सोलापूरहून बायकोसाठी गजरा आणी, तोही सगळ्यांच्या देखत. कल्याणप्पानं कधी साधी करवंदं आणली नव्हती. पार्वतम्मा स्वभावानं वाईट असती तर शिवगंगाचं काम सोपं झालं असतं. पण ती पोरगी उठता बसता "आक्का, आक्का" करी, पाय चेपायला येई. शिवगंगा पाय आखडून घेई आणि मग स्वतःवरच चिडे.

लग्न आटोपून गाडी उमरग्याकडं परत निघाली. गाडी हाकणारा धुळाप्पा जुना माणूस, बोलायला गोड आणि बैलांना जपणारा. ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचा बेत होता. टेकड्यांच्या पायथ्याला एक विहीर लागली, तिथं धुळाप्पानं बैल सोडले. विहिरीच्या काठाला एक मोठा कोरीव दगड आडवा पडला होता. त्यावर हत्तींची रांग होती. बायका त्यावर धुणं आपटत असणार, हत्तींच्या पाठी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

पार्वतम्मा त्यावरून हात फिरवत म्हणाली, "धुळाप्पामामा, हे कुठनं आलं ओ?"

"नागझरीहून, अव्वा. त्या टेकडीच्या पल्याड जुनी देवळं हायती. समदं रान माजलंय त्यात. शेरडं बी जात न्हाईत आत."

शिवगंगा पाणी पीत होती. नागझरीचं नाव ऐकून तिनं तांब्या खाली ठेवला.

तिच्या लहानपणी तिचा भाऊ गुरं चुकली म्हणून एकदा त्या रानात गेला होता. परत आला तो आठवडाभर तेच सांगत होता. पिंपळाच्या मुळांनी अख्खं देऊळ कवेत घेतलंय, दारावर दगडाच्या बाया हायत आणि त्या अशा उभ्या हायत की आत्ता बोलतील. शिवगंगानं हट्ट धरला, मला बी न्या. पोरीच्या जातीनं रानात कशाला जायचं, असं म्हणून बापानं गप्प केलं. लग्नानंतर पहिल्यांदा याच वाटेनं माहेरी येताना तिनं धीर करून नवऱ्याला विचारलं होतं. कल्याणप्पा हसला होता. "दगडं बघायला गाडी वळवायची? आपल्या परसात काय कमी दगडं हायती?" एवढ्यावर भागलं असतं. पण पुढं महिनाभर दुकानात येईल त्याला तो हा किस्सा सांगत होता. तेव्हापासून शिवगंगानं नागझरीचा न तोंडातून काढला नाही.

आणि इथं पार्वतम्मा नवऱ्याकडं मान वळवून नुसतं एवढंच म्हणाली, "बघू की ओ."

"चला," वीरप्पा म्हणाला. "धुळाप्पा, जुंप बैल."

झालं. जन्मभर जे मिळालं नाही ते असं, पदर सावरता सावरता, दुसरीला मिळालं.

"ऊन तापायलंय," शिवगंगा म्हणाली. "बैल दमले असतील."

"आत्ताच पाणी पिलेत, वैनी. जाऊन लगीच येऊ."

"माझं डोकं दुखतंय."

"मग तुमी गाडीत बसा सावलीला. आमी येतो बघून."

गाडी टेकडीला वळसा घालून नागझरीच्या वाटेला लागली.

वाट अशी नव्हतीच. चाकोरी संपली तिथं धुळाप्पानं गाडी एका चिंचेखाली उभी केली. पुढं पळस पेटल्यासारखा फुलला होता आणि त्यामागं करवंदीच्या जाळ्या, सीताफळी, वेलींचं जंजाळ. त्या हिरव्या ढिगातून मधेच एखादा काळा खांब वर आलेला दिसे. वीरप्पा काठीनं फांद्या बाजूला सारत पुढं झाला आणि पार्वतम्मा मागून. एका काट्यात तिचा पदर अडकला तेव्हा वीरप्पा वाकला आणि एक एक काटा सोडवत बसला. शिवगंगानं तोंड फिरवलं.

त्यांचं बोलणं लांब गेलं. धुळाप्पा चिंचेला टेकून पेंगू लागला. शिवगंगा थोडा वेळ बसली, मग उठली. त्या दोघांच्या मागून जायचं नव्हतं तिला. ती उजवीकडून, एका पडक्या भिंतीच्या कडेनं निघाली. वाटेत जमीन एके ठिकाणी पायाखाली पोकळ वाजली. तिनं वेली बाजूला करून पाहिलं तर खाली दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या. जुनी बारव होती, कोरडी ठणठणीत, वरून वेलींनी झाकलेली. शिवगंगा जपून वळसा घालून पलीकडं गेली. आणि समोर दार होतं.

पिंपळाचं एक मूळ चौकटीवरून खाली उतरलं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना बाया उभ्या होत्या. भाऊ खोटं बोलला नव्हता. एक केस पिळत होती. एक पायातला काटा काढत होती. आणि एकीच्या निऱ्या माकडानं धरल्या होत्या अन् ती त्याला मारायला हात उगारून उभी होती, तोंडावर मात्र हसू. शिवगंगा तिच्याकडं बघत राहिली आणि एकटीच खुदकन हसली. किती सालांनी हसली असेल. तिनं त्या बाईच्या दगडी दंडाला हात लावला. दगड गार होता.

तेवढ्यात पलीकडून पार्वतम्माचं हसू ऐकू आलं.

शिवगंगाच्या तोंडावरचं हसू मावळलं. आता ती येणार. "अय्यो, आक्का" म्हणून टाळ्या वाजवणार. वीरप्पा तिला एकेक बाई दाखवणार. घरी गेल्यावर ती सगळ्यांना सांगणार आणि मग या बाया तिच्या होणार. गजऱ्यासारख्या, सासूच्या मायेसारख्या.

"आक्का! तुमी हितं?" पार्वतम्मा जाळीतून बाहेर आली होती. शिवगंगा दिसल्याबरोबर तिचा चेहरा फुलला आणि ती सरळ तिच्याकडं निघाली. मधे हिरव्या वेली पसरल्या होत्या.

शिवगंगाला ठाऊक होतं, त्या वेलींखाली काय आहे. "थांब" हा शब्द ओठांवर आला होता. पण पार्वतम्मानं इथवर येऊ नये, एवढीच इच्छा त्या क्षणी मनात भरून होती, आणि त्या इच्छेनं जीभ धरून ठेवली. श्वासभरच. मग ती ओरडली, "थांब, पारू!" पण पार्वतम्माचा पाय तोवर वेलींतून खाली गेला होता.

वीरप्पा धावत आला तेव्हा शिवगंगा कासोटा खोचून पायऱ्या उतरत होती. पार्वतम्मा पाच-सहा पायऱ्या घसरून एका कोनाड्याशी पडली होती. घोटा वाकडा झाला होता आणि तोंड पांढरंफटक.

"हलू नको," शिवगंगा म्हणाली. तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आक्का, तुमी बघितलं का?" पार्वतम्मानं विचारलं.

"काय बघायचं?"

"दगडाच्या बाया. तुमच्या वैनींनी लग्नात सांगितलं मला. ल्हान असल्यापासनं तुमाला यायचं हुतं म्हणून." कळ आली तशी ती थांबली, मग म्हणाली, "तुमी काय बोलणार न्हाईत. मग म्याच म्हणले, बघू की ओ."

वरून वीरप्पा विचारत होता, उतरू का, दोर आणू का. शिवगंगा पदरानं पार्वतम्माचा घाम पुसू लागली.

कोणालाही वाटेल की हे ऐकून तिचं मन निवळलं असेल. तसं झालं नाही. मांडीवरचं ते घामेजलेलं कपाळ पुसताना तिला पहिल्यांदा वाटलं ते हे, की देणंसुद्धा हिच्याच हातात आहे. मागायला हीच, मिळवायला हीच आणि वर मोठ्या मनाची व्हायलाही हीच. लाज वाटली ती नंतर, गाडीत. उमरगा येईपर्यंत त्या पोरीचा पाय तिनं आपल्या मांडीवरून खाली ठेवू दिला नाही, गाडीच्या हिसक्यांनी स्वतःची कंबर मोडून आली तरी.

हाडवैद्यानं पाय बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पार्वतम्माला माजघरात निजवून ठेवलं. शेजारच्या बायका चौकशीला येऊ लागल्या. शिवगंगा आंबेहळदीचा लेप उगाळत कोपऱ्यात बसे आणि पार्वतम्मा सांगे. तिला सांगायची हातोटी होती. पळस, हत्ती, झाकलेली बारव, सगळं ती डोळ्यांपुढं उभं करी. एकदा कल्याणप्पा दुकानातून जेवायला आला तो उंबऱ्याशीच थबकला. सगळं ऐकून झाल्यावर आत येऊन शिवगंगाला म्हणाला, "बघण्यासारखी जागा दिसतीय. एकदा जायला पायजे."

शिवगंगानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. भाकरी ताटात जरा जोरातच पडली.

"म्या सांगितलं तवा हसला होता तुमी," ती म्हणाली.

"कवा?" कल्याणप्पानं विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिद्धम्मा म्हणून गल्लीतली एक म्हातारी आली. तिनं विचारलं, "मग देवळात काय हुतं ग पोरी?"

"मला काय ठावं?" पार्वतम्मा म्हणाली. "म्या दारापोतर गेलेच न्हाई. आक्का गेल्या हुत्या. त्यांना इचारा."

सगळ्या बायकांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या. एवढ्या जणींसमोर शिवगंगा कधी बोलली नव्हती. तिनं हात पदराला पुसले. आधी अडखळली, मग केस पिळणारी बाई आली, काटा काढणारी आली, आणि माकडाशी भांडणारीवर येईपर्यंत ती उठून उभी राहिली होती, एका हातानं निऱ्या धरून, दुसरा हात उगारून. सिद्धम्मा तोंडाला पदर लावून हसत सुटली. बायका म्हणाल्या, परत दाखव.

शिवगंगानं परत दाखवलं. आणि दाखवता दाखवता तिची नजर बाजेवर गेली. पार्वतम्मा हसत नव्हती. ती खालचा ओठ दाताखाली धरून बघत होती, लेकराच्या हातातलं खेळणं दुसऱ्यानं न्यावं तशी.

"एवढं सगळं हुतं आन् मला सांगितलं बी न्हाई," बायका गेल्यावर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "इतक्या जवळ गेले आन् बघितलं न्हाई. पाय बी मोडला तो माझाच."

शिवगंगानं तो चेहरा ओळखला. तिच्याइतका तो कोण ओळखणार? तिला आधी बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही. मग ती बाजेच्या कडेला बसली, पार्वतम्माचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि लेप लावू लागली.

"बरा होऊ दे," ती म्हणाली. "न्हेते तुला. गाडी म्या वळवायला लावते."

"खरं?"

"खरं."

पण तो योग आला नाही. पाय बरा होईतो पाऊसकाळ लागला, पुढच्या साली पार्वतम्माला दिवस गेले, आणि नंतर मुलखात अशी धामधूम माजली की बायकांनी गाव सोडून टेकड्यांकडं जायचं कोणी नावही काढेना. पार्वतम्मा किंचित लंगडत चाले. शिवगंगाचा हेवा काही पुरता गेला नाही. सोलापूरचा गजरा आला की तिचं तोंड अजूनही लहान होई. मात्र पार्वतम्मा पाय चेपायला आली, तर ती पाय आखडून घेत नसे.