नऊ फुटांची सहा फुटी भिंत

आमच्याकडे डोंबिवलीत दोन घरांमधली भिंत सहा फुटांपर्यंत बांधायची, असा नियम आहे. हे मला पाठ आहे, कारण त्या भिंतीचा अर्ज मीच टाइप केलेला. पण सहा फूट मोजायचे कुठून, हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी हसले असते. जमिनीपासून, अजून कुठून?

आधी घराचं सांगते, नाहीतर काही कळणार नाही. आमचं घर पश्चिमेला, कोपर गावाकडे जाणाऱ्या वाटेवर. मागच्या खोलीत आत्या राहते, बाबांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा झालेली, तेव्हापासून आमच्याकडे. बाजारातल्या शिंप्याकडून शर्टांचं गाठोडं येतं, त्याला ती काज करते, बटणं लावते. स्वतःचा चहा-साखरेचा, देवळाचा खर्च ती त्यातून करते आणि त्याचा तिला फार अभिमान. भावाचं खाते पण भावाला मागत नाही, असं म्हणते. हे सगळं काम ती खिडकीत बसून करायची. खिडकीबाहेर चार पावलांवर शेराचं कुंपण, पलीकडे शेजारच्या काकांचं अंगण. काकू कुंपणातल्या फटीतून अळूची पानं द्यायच्या, आत्या इकडून ताकाचा तांब्या द्यायची. पुढच्या ओटीवर बाबांकडे माणसं येतात, म्हणून आत्या तिथे कधी बसत नाही. चाळीस वर्षांत बसलेली नाही. त्यामुळे उजेड म्हणजे ती एक खिडकी. वीज आमच्या गल्लीत अजून आलेली नाही.

पावसात शेतांतलं पाणी काकांच्या अंगणात शिरायचं, म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी बैलगाड्या लावून मुरूम टाकला. अंगण आमच्यापेक्षा चांगलं तीन फूट वर आलं. आम्ही सगळे बघायला गेलेलो, छान झालं म्हणून आलो. पुढच्या वर्षी काका म्हणाले, मुरूम घसरतोय, आता भिंतच घालतो.

मी तेव्हा नुकताच टाइपिंगचा क्लास पूर्ण केलेला. चाळीसचा स्पीड. दिसेल तो कागद मला टाइप करावासा वाटायचा, दुधवाल्याची चिठ्ठीसुद्धा. काका अर्ज घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी चहासुद्धा अर्धा टाकून उठले. क्लासच्या सरांनी दुपारी मशीन वापरू दिलं. काका मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत करत होते. उंची किती, विचारलं.

"सहा फूट लिही. आमच्या अंगणापासून मोजून."

मी लिहिलं. एक अक्षर खोडलं नाही. कार्बन लावून चार प्रती काढल्या, चौथीसुद्धा स्वच्छ उमटली. खाली शेजाऱ्याची हरकत नाही अशी ओळ हवी होती, ती मीच सुचवून नीट मध्यभागी घातली.

सही घ्यायला मीच बाबांकडे गेले. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी फक्त कुठे करू एवढं विचारलं. ते सरकारी नोकरीतले, ऑफिसात कागद दोनदा वाचल्याशिवाय पेन उघडत नाहीत. पण शेजाऱ्याचा कागद वाचत बसायचा नसतो, तो अपमान होतो, असं आमच्या गल्लीत सगळेच मानतात. काकांनीही आमच्या नळाच्या अर्जावर अशीच सही केलेली. बाबांनी चारही प्रतींवर सही केली आणि परत पेपर उघडला.

मग शेर तोडला, गवंडी आला. पहिले तीन-चार दिवस मजा वाटत होती. आई गवंड्याला चहा पाठवायची. भिंत खिडकीच्या खालच्या चौकटीला लागली तेव्हा आत्याने पाट थोडा सरकवला. निम्म्यावर आली तेव्हा सुई डोळ्याजवळ धरायला लागली. आई म्हणाली, सहा फुटांवर थांबेल की, वरचा उजेड राहील. आम्ही रोज वाटच बघत होतो थांबायची. सहा फूट झाले, गवंडी थांबला नाही. बाबांनी आत्याची शिवणाची टेप आणली, ती मी स्टुलावर उभी राहून लावली. भिंत पुरी झाली त्या दिवशी ती आमच्या बाजूने नऊ फूट भरली आणि खिडकीच्या वर गेली.

बाबा काकांकडे गेले, मी मागे. काका चिडले नाहीत, तेच वाईट. आत जाऊन कागद घेऊन आले आणि बाबांच्या हातात दिला.

"मी चोरून काय बांधलंय? तुमची सही आहे. आणि टाइप हिचाच आहे, विचारा हिला."

बाबांनी तो कागद तेव्हा पहिल्यांदा वाचला. उभ्या उभ्या. वाचून घडी घातली आणि परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही. काकू आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांनीही नाही.

मी म्हटलं, आपण अर्ज करू. मी तीन अर्ज टाइप केले, एकापेक्षा एक कडक, आणि एकालाही उत्तर आलं नाही. मग बाबांनी रजा काढली आणि आम्ही ठाण्याला कचेरीत गेलो. दोन तास बाकावर बसलो. कारकून चांगले गृहस्थ होते, फाइल शोधून काढली, नियम दाखवला. शेजाऱ्याची जमीन खाली असेल तर त्याला विचारायचं असतं, आणि त्याने हरकत घ्यायची असते ती आधी. इथे विचारलेलं आहे आणि हरकत नाही. बाबा म्हणाले, आम्ही वाचलं नव्हतं. कारकून म्हणाले, ते फाइलमध्ये कुठे लिहू?

आम्ही उठलो तेव्हा त्यांनी अर्ज परत उघडला.

"टाइप मात्र सुंदर आहे हो. असे स्वच्छ कागद येत नाहीत आमच्याकडे."

बाबांनी सांगितलं नाही कोणी केलंय. मी पण नाही.

कोर्टात जाता येतं म्हणे. येताना बाबा एवढंच बोलले, की एका खिडकीसाठी शेजाऱ्याला कोर्टात ओढलं तर काकू आत्याशी बोलायच्या बंद होतील. मग मी एकटी काकांकडे गेले. खिडकीसमोर तरी चार विटा काढून जाळी बसवा, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पावसानंतर बघू म्हणाले. दोन पावसाळे झाले. मी प्रत्येकदा आठवण करते, ते प्रत्येकदा हो म्हणतात. काकू पुढून वळसा घालून येतात, अळू आणतात, पण पूर्वीसारखं रोज नाही.

आईने आत्याला हजारदा सांगितलं, ओटीवर बसा वन्सं, कोण काय म्हणतंय आता. आत्या म्हणते बसेन उद्या. कंदिलाच्या उजेडात काज होत नाही, धागा पिवळा दिसतो. ऊन डोक्यावर येतं तेव्हा भिंत आणि खिडकीच्या मधून तासभर काय खाली उतरतं तेवढंच. त्या तासातला अर्धा सुईत दोरा ओवण्यात जायचा, म्हणून मी कामाला निघताना दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायला लागले. संध्याकाळी आले की बघायचे. आधी दोन-तीन उरायच्या. मग पाच-सहा. मागच्या महिन्यात शिंप्याने गाठोडं परत पाठवलं, काजं वाकडी आहेत म्हणून, आणि नवीन दिलं नाही.

अर्ज मी केलेला हे आत्याला माहीत आहे का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. एकदा सुया ओवताना मीच बोलले. ती खिडकीकडे तोंड करून बसलेली.

"माहितीये गं. तुझा पहिलाच कागद ना तो? नीटच केला असशील."

मी अजून रोज दहा सुया ओवून ठेवते. संध्याकाळी येते तेव्हा दहाच्या दहा तशाच असतात. सकाळी जुना दोरा काढून नवा घालते, नाहीतर त्याला पीळ पडतो.