थोडा मळ राहू द्यावा

अंगणातल्या हौदात सहा रंगीत कोई मासे आहेत. हौस बायकोची; पाणी गाळायची व्यवस्था माझी. एक निळा ड्रम, त्यात स्पंज आणि खडी, छोटा पंप, पीव्हीसीचे पाईप. ती गेल्यापासून घरात आवाज म्हणाल तर ड्रममधून पडणाऱ्या या पाण्याचाच.

परवा स्पंज काढून नळाखाली लख्ख धुतला. आज पाणी गढूळ झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. घाबरून मासेवाल्याला फोन केला.

"काका, नळाखाली धुतलात? पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्या मळातच असतात हो. हौदाच्याच पाण्यात नुसता बुचकळायचा. थोडा मळ राहू द्यायचा."

त्यानं सांगितलं तसं थोडं पाणी बदललं आणि काठावर बसून राहिलो. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. ती गेली त्या आठवड्यात, हाताला काहीतरी काम हवं म्हणून, मी सगळं घर धुऊन काढलं. तिच्या उशीचा अभ्रासुद्धा. खोबरेलाचा डाग निघेपर्यंत घासला होता.